हंटरवालीचा चाबूक

सिनेमातले खरे-खोटे ओळखायला टीकाकारापेक्षा पिटातला प्रेक्षकच अधिक तयार असतो, अशी माझी जुनी समजूत आहे. तिला आधार आहे तो ‘हंटरवाली’चा.

वाडिया मूव्हिटोनचा हा बोलपट होमी वाडियांनी दिग्दर्शित केला. तो १९३५ साली पडद्यावर आला. त्या काळी स्टंटपट म्हणजे हलका माल, असे शिष्ट मंडळी मानीत. त्यात नायिका नादिया! ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे १९०८ साली जन्मलेली मेरी इव्हान्स. सोनेरी केस, निळे डोळे आणि अडखळते हिंदी. जमशेद वाडियांनी तिला काळ्या केसांचा टोप आणि ‘नंदादेवी’ हे नाव सुचविले होते. तिने दोन्ही नाकारले! अशी गोरी राजकन्या आपल्या लोकांना कशी पटावी? वितरकांना धीर होईना. अखेर वाडियांनी स्वतःच धाडस करून मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात चित्रपट लावला.

तो पंचवीस आठवडे चालला. बुरखा घालून घोडा फेकणारी, चाबूक कडाडत दुष्टांना लोळवणारी ती राजकन्या लोकांनी डोक्यावर घेतली. तिच्या नावाचे चाबूक आणि पट्टे बाजारात खपू लागले. ‘हे-ए-ए’ ही तिची आरोळी पोरांच्या तोंडी बसली. उड्या ती स्वतः मारी, मारामारी स्वतः करी. तिच्या जागी दुसरे कोणी नसे. पडद्यावरचा तो घाम खरा होता, आणि पिटाने तो ओळखला.

माझ्या आजीने गिरगावात राहत असताना, दहाव्या वर्षी, थोरल्या भावाबरोबर हा चित्रपट पाहिला होता. मी एकदा तिला म्हणालो, “पण आजी, ती मडम होती, तिला धड बोलता येत नव्हते!”

आजी म्हणाली, “अरे, तिचे बोलणे ऐकायला गेले होते कोण? मार खाऊन गप्प बसणाऱ्या बायका चाळीत रोज दिसत. उलटा हात उगारणारी तेवढीच पाहिली.”

आजीचे पुढले सारे आयुष्य चुलीपाशी गेले. चाबूक तर राहोच, तिच्या हाती कधी पैसाही खेळला नाही. पण घरात कोणा पुरुषाचा आवाज चढला, की ती पोळी लाटता लाटता शांतपणे एवढेच म्हणे, “हंटरवाली पाहिली आहे मी!”

आणि आवाज खाली येई.