दुकानाची चावी आणि पासवर्ड

माझ्या धाकट्या भावाचे कल्याण पूर्वेला चपला-बुटांचे दुकान आहे. दहा बाय बाराचा भाड्याचा गाळा. तो ज्या कंपनीत कामाला होता ती बंद पडली, तेव्हा हातात आलेल्या थोड्या पैशांतून २००९ साली त्याने हे दुकान थाटले. दोन मुलींचे शिक्षण, आईचे औषधपाणी, घराचा हप्ता, सारे त्या गल्ल्यातून निघाले. त्याने आजवर कुणापुढे हात पसरला नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रात्री तो प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा काहीतरी बिनसले आहे हे मला त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळले.

झाले होते असे. एका वसतिगृहाने मुलांसाठी १८० जोड बुटांची मागणी त्याच्याकडे नोंदवायचे ठरवले होते. नमुना पसंत पडला, भाव ठरला. तिथल्या हिशेबनिसाने बिलासाठी जीएसटी नंबर मागितला आणि तो संगणकावर घालून पाहिला. समोर शब्द आला, 'रद्द'. मागणी दुसऱ्या दुकानाला गेली.

"दादा, नंबर माझा. तो रद्द झाला आणि मलाच माहीत नाही, असं कसं होतं?" त्याने विचारले. भावजय बाजूला उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत दुसराच प्रश्न होता. भाऊजी, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हालाही माहीत नव्हते?

खरेच नव्हते. मी बी.कॉम. झालेला माणूस. दिवसभर ऑफिसात जमाखर्चाच्या नोंदी करतो. संध्याकाळी विहारात बसून वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याचे कागद, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे फॉर्म भरून देतो. पण सख्ख्या भावाची ही पिशवी मी एकदाही उघडून पाहिली नव्हती. समाजाचे कागद भरता भरता घरचा कागद राहून गेला होता.

रात्री एकपर्यंत आम्ही ते कागद लावत बसलो. गोष्ट हळूहळू उलगडत गेली.

मी कॉलेजात शिकलो तो १९५९ च्या कायद्याचा विक्रीकर. तो जाऊन महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. व्हॅट जाऊन १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. भावाचा व्हॅटचा नंबर होता, तो जीएसटीत गेला. छोट्या दुकानदारांसाठी असलेली कंपोझिशन योजना त्याने घेतली. या योजनेत व्यापाऱ्याने आपल्या विक्रीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. दुकानावर तशी पाटी लावावी लागते. पाटी भावाने लावली होती. बाकी सारे एका टॅक्सवाल्यावर सोपवले होते.

मग १ एप्रिल २०१९ ला दोन बदल झाले. पहिला, तिमाही रिटर्नची जुनी पद्धत जाऊन दर तिमाहीला सीएमपी-०८ नावाचे छोटे विवरण आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४ भरायची पद्धत आली. दुसरा बदल भावाच्या फायद्याचा होता. फक्त मालाचा आणि राज्यातल्या राज्यात धंदा करणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवरून ४० लाखांवर गेली. भावाची उलाढाल त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे त्याला हवे असते तर तेव्हाच अर्ज करून या सगळ्यातून बाहेर पडता आले असते. पण हे त्याला कुणी सांगितले नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दुकानाचे शटर खाली. टॅक्सवाल्याची फी थकली, तसे त्याने काम थांबवले. भावाला वाटले, विक्रीच नाही तर कसला टॅक्स आणि कसले रिटर्न? इथेच त्याची चूक झाली. विक्री शून्य असली तरी शून्याचे रिटर्न भरावेच लागते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कंपोझिशनवाल्याने सलग ३ तिमाही रिटर्न भरले नाही तर नोंदणी रद्द करता येत होती. रद्द करण्याआधी नोटीस येते, उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. नोटीस आलीही होती. पण ती ई-मेलवर आली आणि नोंदणीत दिलेला ई-मेल व मोबाइल नंबर टॅक्सवाल्याचा होता. पासवर्डही त्याच्याकडेच. २०२१ साली नोंदणी रद्द झाली. भाऊ मात्र दोन वर्षे ती पाटी पुसून-पुसून चकचकीत ठेवत होता.

त्या टॅक्सवाल्याला मी दोष देत नाही. पन्नास दुकानांची कामे करणारा, फी न मिळालेला माणूस तो. दुकानाची चावी आपण रात्री उशाशी घेऊन झोपतो आणि दुकानाचा पासवर्ड मात्र दुसऱ्याच्या खिशात ठेवतो, हे आमचे चुकले.

सुदैवाने त्याच सुमारास, ३१ मार्च २०२३ ला, सरकारने सवलत जाहीर केली. वर्तमानपत्रातली ती चार ओळींची बातमी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचली. रिटर्न न भरल्यामुळे ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत रद्द झालेले नंबर राहिलेली रिटर्न भरून पुन्हा चालू करण्यासाठी ३० जूनपर्यंत अर्ज करता येणार होता. पुढे ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. थकलेल्या जीएसटीआर-४ चे विलंब शुल्कही जास्तीत जास्त ५०० रुपये आणि शून्याचे रिटर्न असेल तर माफ.

मी दोन वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आधी कर कार्यालयात पॅन कार्ड व पुरावे देऊन नोंदणीतला मोबाइल नंबर आणि ई-मेल भावाच्या नावावर करून घेतला. मग जुनी बिलबुके काढून तिमाहीवार विक्री मांडली. कर, त्यावरचे व्याज, शुल्क सारे भरले. त्यासाठी भावजयीने भिशीचे पैसे आणून ठेवले, तेव्हा मला मान वर करवेना. नंबर परत चालू झाला. वसतिगृहाची मागणी काही परत आली नाही.

मर्यादेच्या आत असूनही नंबर ठेवायचा की सोडायचा, यावर आम्ही बराच विचार केला. शाळा-वसतिगृहे बिलावर नंबर मागतात, म्हणून ठेवायचे ठरले. निर्णय साधाच, पण पहिल्यांदाच तो भावाने स्वतः समजून घेतला होता.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदना झाली की आम्ही विहारात अर्धा तास छोट्या धंदेवाल्यांसाठी ठेवतो. ज्याने त्याने आपली पिशवी आणायची. तिथे एकेक गोष्ट कळत जाते. मसाले-पापड करणाऱ्या आमच्या एका ताईने उद्यम नोंदणीसाठी एजंटला दीड हजार रुपये दिले होते. जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एक पैसा लागत नाही. ताईंनी तिथेच कपाळावर हात मारला. एका सलूनवाल्या भावाला गुमास्ता परवान्याच्या नूतनीकरणाची धास्ती होती. डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला, त्यात थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. कायदा बदलला की आपले नुकसानच होणार असे आपण धरून चालतो. पण कित्येकदा बदल आपल्या सोयीचा असतो, आणि तो न कळल्यामुळे आपण नको ते पैसे भरत राहतो.

आमच्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. एक, टॅक्सवाला जरूर ठेवा, पण नोंदणीत मोबाइल नंबर व ई-मेल स्वतःचाच द्या आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. दोन, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. कंपोझिशनवाल्यांसाठी १८ जुलै, १८ ऑक्टोबर, १८ जानेवारी, १८ एप्रिल. वार्षिक रिटर्नची तारीख पूर्वी ३० एप्रिल होती, २०२४-२५ या वर्षापासून ती ३० जून झाली आहे. तीन, नोटीस आली तर घाबरून कपाटात टाकू नका. नंबर रद्द झालाच, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून तो चालू करण्याच्या अर्जाला ३० ऐवजी ९० दिवस मिळतात. पण दिवस मोजायला आधी कागद उघडावा लागतो.

भावाच्या दुकानात आता कॅलेंडरचे काम थोरल्या पुतणीकडे आहे. कॉमर्सला आहे. चपलांवरचा कर या आठ-नऊ वर्षांत किती वेळा बदलला ते तिने वहीत लिहून ठेवले आहे. २०१७ ला ५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, जुलै २०१८ पासून १००० पर्यंत ५ टक्के, १ जानेवारी २०२२ पासून त्यालाच १२ टक्के. आठशेच्या जोडावर ४० रुपये होते त्याचे ९६ झाले. कंपोझिशनमध्ये वजावट नाही, म्हणजे ते वरचे ५६ रुपये थेट भावाच्या खरेदीत चढले.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्री तिचा फोन आला.

"जयभीम, मोठे बाबा. पेपर वाचला का? २२ तारखेपासून अडीच हजारापर्यंतच्या जोडाला ५ टक्के. पप्पांना सांगितलंय, नवीन माल २२ नंतरच उचला."

मी वाचला नव्हता. तसे तिला सांगितले.

"मग आता वाचा," ती म्हणाली, "आणि रविवारी विहारात तुम्हीच सांगा सगळ्यांना."

त्या रविवारी सांगायला मात्र मी तिलाच उभे केले. भाऊ शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. त्याच्या मांडीवर तीच कागदांची पिशवी होती.