आमच्या मनीचा थायरॉइड

आमची मनी तेरा वर्षांची होती. खाणं पूर्वीपेक्षा दुप्पट, रात्री घरभर ओरडत फिरणं, आणि तरी दिवसेंदिवस वाळत चाललेली. मी स्वतः डॉक्टर. "वय झालं तिचं," असं म्हणत मी तीन महिने घालवले. शेवटी बायकोच तिला इथल्या, न्यू जर्सीतल्या व्हेटकडे घेऊन गेली. मान चाचपून, रक्तातलं टी-४ तपासून त्यांनी निदान केलं: हायपरथायरॉइडिझम. भूक वाढूनही वजन घटणं, धडधड, अस्वस्थपणा. पेशंटमध्ये हे मी लगेच ओळखतो. घरात ओळखलं नाही.

वाचकहो, दहा वर्षांवरच्या मांजरांत हा आजार बराच आढळतो. थायरॉइडची गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण जादा हार्मोनमुळे हृदय थकतं. रोज गोळ्या, कमी आयोडीनचा आहार, ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन, असे चार मार्ग आहेत.

"किरणोत्सारी? अहो, हे तर विषच की!" बायको घाबरली. हाच प्रश्न माझे पेशंटही विचारतात.

थायरॉइड रक्तातलं आयोडीन शोषून घेते. आयोडीन-१३१ दिलं, की गाठीतल्या हावरट पेशी तेही ओढून घेतात आणि त्याच्या किरणांनी मरतात. हे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात. ग्रंथीचा निरोगी भाग त्या वेळी सुस्तावलेला असल्यामुळे बराचसा वाचतो. माणसांत हा उपचार १९४१ पासून आहे. मांजराला कातडीखाली एकच इंजेक्शन, भूल नाही. शंभरातली साधारण पंचाण्णव मांजरं एकाच डोसमध्ये बरी होतात.

एक मेख आहे. जादा हार्मोनमुळे मूत्रपिंडाला रक्त जास्त मिळतं आणि त्याचा कमकुवतपणा झाकला जातो. म्हणून आधी महिनाभर मेथिमॅझोलच्या गोळ्या देऊन पुन्हा तपासणी केली. मूत्रपिंड ठीक निघालं, तेव्हाच पुढे गेलो.

मनी चार दिवस हॉस्पिटलात राहिली. भेटायला परवानगी नव्हती. घरी आल्यावर दोन आठवडे तिला अंथरुणात घ्यायचं नाही, लिटर हातमोजे घालून काढायचं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, हे मला पाठ होतं. पण रात्री ती दार खरवडायची, तेव्हा मला झोप लागत नसे.

"काही दिवस नातवाला मांडीवर घेऊ नका," हे वाक्य मी पेशंटना एका दमात सांगून मोकळा व्हायचो. आता थांबतो. का, किती दिवस, किती अंतरावरून, हे कागदावर लिहून देतो.

तीन महिन्यांनी मनीचं टी-४ नॉर्मल आलं. अंगही भरलं.

तुमच्या गावात ही सोय नसेल तर गोळ्यांनीही आजार नीट आटोक्यात राहतो. फक्त म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर माझ्यासारखं वयावर ढकलू नका. रक्त तपासून घ्या.