ऋषीची भाजी आणि आपलें परस

भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्या घरच्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करितात. नांगराविना, हातानें लाविलेलें अथवा आपोआप उगवलेलें असेल तेंच त्या दिवशीं पानांत वाढावयाचें, असा शिष्टाचार आहे. या व्रताचा हेतु शास्त्रकारांनीं कांहींही सांगितला असो. त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा होई कीं, वर्षांतून एक दिवस तरी प्रत्येक कुटुंबास आपल्या परसाची परीक्षा द्यावी लागे. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा यांपैकीं चार जिनसा दारीं नसतील, तर पंचमी पार पडावी कशी ?

आज ती कशी पार पडते, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. शहरांतल्या मंडईंत या भाज्यांचे मिसळून लाविलेले वाटे तयार मिळतात. भोपळा ट्रॅक्टरनें नांगरलेल्या शेतांतला; म्हणजे बैलाचे श्रम खरोखरीच वांचले, परंतु त्याबरोबर आपल्या हातांचेही वांचले ! नियम अक्षरशः पाळला गेला आणि व्रताचा अर्धा अर्थ हरपला, असें आम्हांस वाटतें.

या दृष्टीनें राज्याच्या कृषिविभागानें २०२० सालीं ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त ठिकठिकाणीं भरविलेला रानभाजी महोत्सव आम्हांस स्वागतार्ह वाटला. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं तर अशा उत्सवाचें महत्त्व विशेषच. तरोटा, कुंजर, घोळ, चिवळ, केना, काटवल, अंबाडी यांची नांवें आपल्या मुलांस पाठ नाहींत. पण तांड्यांवरच्या आणि शेतमजुरीस जाणाऱ्या बाया त्यांचें पान डोळे मिटून ओळखतील. तरोटा कोवळा असतांनाच कां खुडावा, कोणत्या भाजीचें पहिलें पाणी टाकावें, हें ज्ञान आपल्या आज्यांनींही पुष्कळसें त्यांच्याकडूनच घेतलें होतें. पाकशास्त्राच्या पुस्तकांत तें क्वचितच उतरलें. तेव्हां त्या टोपल्यांपुढें आपण गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून उभें राहावें, हेंच योग्य.

परंतु एका दिवसाच्या उत्सवानें हें ज्ञान टिकेल काय ? घोळ, चिवळ, केना हीं मुळांत शेतांतलीं तणें. निंदणास गेलेली बाई संध्याकाळीं ओटींत भाजी घेऊन परते. आतां वऱ्हाडांत सोयाबीन सर्वत्र झालें आणि निंदणाची जागा बऱ्याच ठिकाणीं तणनाशकानें घेतली. जेथें तणच उगवत नाहीं, तेथें रानभाजी कोठून यावी ?

कोणी म्हणतील, आमच्या घरास परसच नाहीं. त्यांस आम्ही कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांचें स्मरण देतों. वाळका पालापाचोळा आणि स्वयंपाकघरांतील केरकचरा यांच्या खतावर गच्चीवरही भाजी पिकते, हें त्यांनीं प्रयोग परिवाराच्या द्वारें शेंकडों कुटुंबांस शिकविलें. फुटकी बादली आणि तेलाचा डबा एवढें भांडवल पुष्कळ आहे.

यास्तव आमची एक सूचना आहे. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्यास ज्वारीच्या आंबिलीबरोबर सोळा भाज्या लागतात. एका आळींतील आठ घरांनीं प्रत्येकीं दोन भाज्या लाविण्याचें पत्करावें आणि पूजेच्या आदल्या दिवशीं एकत्र जमून त्या वांटून घ्याव्या. ज्या आजीबाईंस पानें ओळखतां येतात, त्यांनीं तीं मुलांच्या हातीं द्यावीं. आणि अनोळखी पान जाणत्या माणसास दाखविल्यावांचून शिजवावयाचें नाहीं, हा नियमही तेथेंच शिकवावा. या मेळाव्यास मंडप नको, वर्गणी नको. ज्येष्ठांत भेंडी-दोडक्याचें बीं टोचावें. माठ श्रावणांत पेरला तरी चालतो. आठ घरें मात्र आजच ठरवावीं.