बारडोलीच्या ऊसमळ्यातून बालीच्या प्रवाळभिंतीकडे

बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. सरकारने जमीन महसुलात २२ टक्के वाढ केली, शेतकऱ्यांनी ती भरायला नकार दिला आणि त्या लढ्यातून वल्लभभाई 'सरदार' झाले. आजही गावातला स्वराज आश्रम पाहायला माणसे येतात. पण आपल्या चिकोडी-निपाणीकडचा माणूस तिथे उतरला, तर त्याच्या डोळ्यांत आधी भरतो तो ऊस. मींढोळा नदीच्या दोन्ही अंगांना ऊस, रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि हंगामात हवेत मळीचा तोच ओळखीचा वास. इथला सहकारी साखर कारखाना देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, आपल्याच भागातल्या कारखान्यातून तिकडे गेला आणि बॉयलर सांभाळता सांभाळता तिकडचाच झाला. वहिनी चिकोडीच्या. त्यामुळे घरात मराठी, वहिनींचा माहेरी फोन लागला की कन्नड आणि दाराबाहेर गुजराती. या घराच्या झोपाळ्यावर बसून सध्या बेत चालला आहे तो इंडोनेशियाच्या समुद्रात बुडी मारण्याचा. हट्ट पुतण्याचा. त्याला पाण्याखालच्या प्रवाळभिंती पाहायच्या आहेत आणि माझी मुलगी त्याच्या बाजूने उभी आहे. तयारीची जबाबदारी, भूगोल शिकवणारा म्हणून, माझ्याकडे आली.

वहिनींचा पहिला प्रश्न रास्त होता. सुरत जेमतेम पस्तीस किलोमीटर, पुढे डुमसचा किनारा आणि खाली नवसारीजवळ दांडी. समुद्र उशाशी असताना इतक्या लांब कशाला? उत्तर पाण्याच्या रंगात आहे. तापी आणि नर्मदा आपला सगळा गाळ खंबातच्या आखातात आणून टाकतात आणि तिथली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी. पाणी सतत ढवळलेले, गढूळ. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यावर प्रवाळ जगतो. ऊन पोचले नाही की खेळ संपला. गुजरातेत प्रवाळ पाहायचा तर जामनगरला जावे लागते. तिथे १९८२ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत तिथला प्रवाळ पाहता येतो. पण भिंत तिथे नाही.

वहिनींनी प्रवाळ हा शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचं हवळ!" खरेच. कन्नडमधले हवळ आणि मराठीतले पोवळे ही दोन्ही प्रवाळाचीच लेकरे. मात्र दागिन्यातले लाल पोवळे वेगळ्या जातीचे असते आणि मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. समुद्राखाली भिंती बांधणारा प्रवाळ तो दगडी.

या दगडी प्रवाळाच्या जगातल्या सुमारे तीन चतुर्थांश जाती ज्या टापूत सापडतात, त्याला प्रवाळ त्रिकोण म्हणतात. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि पूर्व तिमोर एवढा त्याचा पसारा. ज्वालामुखींनी आणि भूकवचाच्या हालचालींनी घडवलेली ही बेटे. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की तळ एकदम तुटतो आणि कडा सरळ खाली जातो. त्या कड्यावर प्रवाळ, स्पंज आणि पंख्यासारखे समुद्री जीव वाढतात. सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला मनाडोजवळ असलेले बुनाकेन हे अशा भिंतींसाठी प्रसिद्ध. १९९१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुतण्याचे मन तिथेच अडकले होते.

इथे दादाचा बॉयलर मदतीला आला. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे साधारण एक किलो दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. खाली जाताना कानातला दाब सारखा करत जावे लागते आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नसतो. रोखला तर फुप्फुसातली हवा फुगून इजा करते. भर वेगात वर आले तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. भिंतीवर आणखी एक गोष्ट असते. पायाखाली तळ नसतो. नजर भिंतीवर खिळली की आपण किती खाली उतरलो याचे भान सुटते. म्हणून नव्या माणसाने आधी तळ असलेल्या ठिकाणी शिकावे, हे जाणकार सांगतात.

मग आला आरोग्याचा अर्ज. दमा, हृदय, कान, मधुमेह, रक्तदाब, सगळे त्यात विचारतात; पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना जास्तीचे प्रश्न. एकाही ठिकाणी 'हो' आले की डॉक्टरांची सही लागते. दादा बावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नळकांडे पाठीला लावून उतरू नका, असे स्पष्ट सांगितले. पुतण्या हळूच म्हणाला, "बाबा, 'नाही' लिहा ना, कोण बघतंय?" दादाने त्याच्याकडे पाहिले. "बॉयलरच्या गेजवर खोटं लिहितात का रे?" पुढे कुणी बोलले नाही.

घरात दोन दिवस शांतता होती. दादाला सोडून जायचे, की बेतच सोडायचा? शेवटी नकाशाने वाट काढली. बालीच्या वायव्य टोकाला मेंजांगान नावाचे छोटे बेट आहे, पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानाचा भाग. मेंजांगान म्हणजे हरीण. या बेटाच्या भिंतीचा माथा पृष्ठभागापासून अगदी जवळ, काही ठिकाणी दोन-तीन मीटरवर आहे. म्हणजे मुले मार्गदर्शकाबरोबर भिंतीच्या बाजूने उतरतील आणि दादा-वहिनी जीवरक्षक जाकीट घालून, तोंडात श्वासनळी धरून, वरूनच तीच भिंत पाहतील. दादाच्या नजरेखाली मुलांचे बुडबुडे वर येत राहतील. बुनाकेन पुढे कधीतरी.

मेंजांगानसाठी मुक्काम पेमुतेरान या मासेमारांच्या गावी. एकेकाळी या भागात स्फोटके आणि विष वापरून मासे धरत आणि प्रवाळ उद्ध्वस्त झाला होता. २००० मध्ये गावकऱ्यांनी समुद्रात लोखंडी सांगाडे ठेवून त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडायला सुरुवात केली. त्यावर चुना साचतो आणि प्रवाळाचे तुकडे मूळ धरतात. आज तेच पाहायला पर्यटक येतात. तिथून किनाऱ्याने पूर्वेला तुलाम्बेन. १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीच्या पाणतीराने जखमी झालेले 'लिबर्टी' हे अमेरिकी जहाज तिथे किनाऱ्याला लावले होते. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात घसरले. होडी न घेता किनाऱ्यावरूनच त्याच्याकडे जाता येते. नुसा पेनिडा मात्र आम्ही यादीतून काढले. प्रशांत महासागराचे पाणी बाली आणि लोम्बोकमधल्या सामुद्रधुनीतून हिंदी महासागराकडे धावते. तिथले प्रवाह नवशिक्यांचे नव्हेत.

आता पंचांग. कारखान्याचा हंगाम चैत्राच्या आसपास संपतो, मग दुरुस्तीची कामे निघतात. दादाला मोकळीक मिळते ती मेच्या मध्यावर. सुदैवाने बालीचा कोरडा ऋतू तेव्हाच सुरू होतो. मार्चमधली एक तारीख मात्र सर्वांनीच सांभाळावी. बालीत शक संवत्सराचा पहिला दिवस 'न्येपी' म्हणून मौनाने पाळतात, त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो. आपली युगादी, आपला पाडवा पुष्कळदा त्याच्याच आसपास येतो. आपण गुढी उभारून गोड खातो, ते दिवेही लावत नाहीत.

शिकायचे कुठे, हा प्रश्न घराजवळच सुटतो. मालवणला फोटोपुरती बुडी अनेकांनी मारली आहे. शिक्षक आपल्याला धरून दहाएक मीटर नेतो आणि आणतो. ते प्रशिक्षण नव्हे. खरा प्राथमिक अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यात दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे आणि खुल्या समुद्रात चार बुड्या असतात. त्यानंतर अठरा मीटरपर्यंत जाता येते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे आणि मुरुडेश्वरहून होडीने नेत्राणी बेटावर जाता येते. नेत्राणीचे पाणी मालवणपेक्षा स्वच्छ म्हणून आम्ही ते निवडले. अडचण आली ती दोन राज्यांची. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुटी, गुजरातेत दिवाळीची. दसऱ्याला पावसाळी समुद्र पुरता शांत झालेला नसतो, म्हणून भाऊबिजेनंतरचे चार दिवस धरले. माझ्या मुलीची शाळा तेवढी बुडेल.

खर्चाच्या वहीत विमान आणि मुक्काम सगळेच लिहितात. विसरतात ते बाकीचे. इंडोनेशियात उतरल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या व्हिसाला पाच लाख रुपिया, म्हणजे साधारण अडीच-तीन हजार रुपये लागतात आणि बालीचा २०२४ पासूनचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कुबा बहुधा नसते. ते वाचून घ्यावे आणि डायव्हरांचा वेगळा विमा काढावा. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. आम्ही पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. त्या दिवशी देवळे, बाजार आणि वहिनींची खरेदी.

घाई का, असेही कुणी विचारेल. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप लांबला तर मरतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुन्हा, असे चार वेळा हे जगभर घडले. २०२४ मध्ये आपल्या लक्षद्वीपचा प्रवाळही पांढरा पडला. बघायला जाणाऱ्याने निदान आपला हात आणि पाय त्याला लागू देऊ नये. एका लाथेने मोडलेल्या फांदीला पुन्हा वाढायला वर्षे लागतात. म्हणूनही पाण्यात स्थिर तरंगता येणे महत्त्वाचे.

तिकिटे अजून काढलेली नाहीत. मुले नेत्राणीहून शिकून परतली आणि शिक्षकाने ठीक आहे म्हटले, की मग काढायची. तोपर्यंत दादा बारडोलीच्या तरणतलावात रोज संध्याकाळी तोंडात नळी धरून तरंगायचा सराव करतो आहे. वहिनी काठावर बसून मिनिटे मोजतात, कन्नडमधून.