काळ्या शाईतले मामंजी

प्रिंटर ही वस्तू आता खेड्यातही पुष्कळ घरांत आली आहे. आमच्याकडे ती २०२० साली आली. शाळा बंद होत्या, मुलीचा अभ्यास मोबाइलवर यायचा आणि तालुक्याला जाऊन पाने काढून आणण्याची सोय नव्हती. पुढे शाळा उघडल्या, यंत्र मात्र घरातच राहिले. सातबाराचे उतारे, विम्याचे अर्ज, शेजारणींच्या मुलांचे दाखले असे काहीबाही त्यावर निघत असते. पण त्याच यंत्रावर नुसत्या काळ्या शाईत, रंगाचा एक थेंबही न वापरता, भिंतीवर लावण्याजोगा फोटो छापता येतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. माझ्याही नव्हते.

आमच्या मामंजींचा सबंध आयुष्यात एकच फोटो निघाला. १९७६ सालच्या पोळ्याला गावात एक फिरता फोटोग्राफर आला होता, त्याने काढलेला. मामंजी फेटा बांधून उभे आहेत आणि शेजारी झूल घातलेला ढवळ्या बैल. मामंजी १९८३ साली गेले आणि मी या घरात १९८९ साली आले. म्हणजे माझे सासरे मी पाहिले ते या एवढ्याशा कागदावरच. १९९८ साली तिघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडी वाटली. फोटो एकच, तो थोरल्या भाऊजींकडे गेला. त्यांच्या जुन्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. एका कोपऱ्यातून फोटो पिवळा पडू लागला तेव्हा जाऊबाईंनी तो काढून माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "तुझ्याकडे यंत्र आहे, बघ काही होतंय का."

त्याआधी धाकट्या भाऊजींनी शहरातल्या एका स्टुडिओतून मोठी प्रत करून आणली होती. ती पाहून घरात कुणी बोलेना. फेटा केशरी केलेला, गाल गुळगुळीत, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. ढवळ्याचा डावा कान काट्याने फाटलेला होता, तोही कॉम्प्युटरवर सांधून टाकलेला. आत्याबाई तेव्हा होत्या. त्यांनी फोटो जवळ धरून पाहिला आणि परत देत म्हणाल्या, "हे कुणाचे वडील?" त्या प्रतीला नंतर खिळा मिळाला नाही.

म्हणून घरीच करायचे ठरले. प्रिंटरच्या झाकणाखाली काच असते, तीवर फोटो पालथा ठेवून मुलीने ६०० डीपीआयवर स्कॅन केला. मूळ फोटो दोन इंच रुंद, तीन इंच उंच. ६०० वर घेतला की तो दुप्पट मोठा, म्हणजे चार बाय सहा इंच छापला तरी इंचाला ३०० ठिपके उरतात आणि नजरेला तेवढे पुरतात. भिंतीवरच्या फोटोला सहा बाय नऊही चालतो, कारण तो आपण लांबून पाहतो.

पहिली प्रत नेहमीच्या पद्धतीने काढली, तर मामंजी हिरवट दिसू लागले. ट्यूबलाइटखाली हिरवट आणि दारात उन्हात नेले की किंचित गुलाबी! याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. काळा-पांढरा फोटो दिला तरी यंत्र पुष्कळदा राखाडी छटा निळसर, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया मिसळून करते. तिघींचे माप जरा कमीजास्त झाले की छटा एका अंगाला झुकते, आणि उजेड बदलला की वेगळीच दिसते. पोथी वाचायचे भिंग लावून पाहिले तर मामंजींच्या गालावर रंगीत ठिपके स्पष्ट दिसले.

एकट्या काळ्या शाईचे तसे होत नाही. यंत्राजवळ राखाडी शाई नसतेच. काळा ठिपका आणि कागदाचा पांढरा, एवढेच भांडवल. ठिपके दाट पडले की गडद आणि विरळ पडले की फिके. वर्तमानपत्रातला काळा-पांढरा फोटो भिंगाखाली धरून पाहा, वर्षानुवर्षे आपण ठिपक्यांनाच चेहरे म्हणत आलो आहोत.

आता हे यंत्राला सांगायचे कसे? छापण्याआधी जी चौकट उघडते तिच्यात ग्रेस्केल निवडावे. काही यंत्रांत त्याखाली आणखी दोन पर्याय असतात, एक 'हाय क्वालिटी' आणि दुसरा 'ब्लॅक इंक ओन्ली'. आपल्याला दुसरा हवा. पहिल्याचे नाव भारी, पण त्यात रंगीत शाया मिसळतात. कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' ठेवावा, मग आत चांगला जाड मॅट कागद का घातलेला असेना. 'फोटो पेपर' म्हटले की पुष्कळ यंत्रे पुन्हा रंगांकडे वळतात. छपाईचा दर्जा तेवढा सर्वांत वरचा घ्यावा. आणि शेवटी भिंग लावून खात्री करावी. रंगीत ठिपका दिसला नाही म्हणजे झाले.

कागद चकचकीत घेऊ नये. घरगुती टाकीच्या प्रिंटरांपैकी पुष्कळांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक काजळीसारख्या कणांची असते. हे कण चकचकीत कागदावर नीट बसत नाहीत, बोट लागले की फासतात. मॅट कागदावर ते घट्ट धरतात आणि उजेडात लवकर विटत नाहीत. जुन्या पोथ्यांची शाईही काजळाचीच असे, ती अजून काळी आहेच की. काही यंत्रांत मात्र काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ओळखायला सोपे आहे. छापलेल्या रद्दी कागदावर वाळल्यावर ओले बोट फिरवावे, शाई पसरली तर ती रंगाची.

खरी मेहनत उजळपणाची आहे. मॅट कागद शाई पितो, ठिपका जरा पसरतो, त्यामुळे पडद्यावर दिसते त्यापेक्षा छाप गडद येते. फेट्याखालची सावली नुसता काळा डाग होऊन बसली होती. मुलीने मोबाइलवर मधल्या छटा थोड्या थोड्या उजळून चार नमुने केले, एकाच पानावर लहान लहान छापले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घातला. रात्रभर वाळू दिले. सकाळी ओसरीवर उजेडात पाहिले तर तिसऱ्यात भुवई, डोळा आणि सावली वेगवेगळी दिसत होती. तोच मोठा करून छापला. कान फाटलेलाच ठेवला. कोपऱ्यातला पिवळा डाग तेवढा पुसला.

या पद्धतीत उणेही आहे. झुलेच्या आणि धोतराच्या पांढऱ्या भागात जवळून पाहिले तर कण दिसतात, रव्यासारखे. हातभर लांबून ते नाहीसे होतात. ज्यांना गुळगुळीतच हवे त्यांना हे आवडणार नाही. मला मात्र जुन्या फोटोला तो खरबरीतपणा शोभून दिसतो.

शाईच्या बाटलीवर हजारो पानांचा आकडा असतो, तो साध्या मजकुराच्या पानांचा. फोटोला शाई कितीतरी जास्त लागते, हे धरून चालावे. यंत्र महिनाभर पडून राहिले तर शाईची सूक्ष्म भोके सुकतात आणि फोटोत आडव्या पांढऱ्या रेघा येतात. आठवड्याला एखादे पान काढत जावे आणि फोटोआधी 'नोझल चेक'चे पान पाहावे. चौकटीत बसवताना काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची कड ठेवावी, एकमेकांना चिकटू देऊ नये. हळदकुंकू काचेवरच लावावे. मूळ फोटोला प्लॅस्टिकमध्ये डकवू नका, डकवलेले पुन्हा निघत नाही. आमचा आता कागदी पाकिटात, पत्र्याच्या पेटीत कोरडा आहे.

तीन प्रती केल्या, तीन घरांना तीन. धाकटे भाऊजी बांधाच्या वादापासून आमच्याकडे चहालाही थांबत नसत. प्रत न्यायला आले, उभ्यानेच पाहू लागले, मग खाली बसले. बराच वेळ ते चेहऱ्याकडे नव्हे तर बैलाकडे पाहत होते. "कान बघ," ते यांना म्हणाले, "बोरीच्या कुंपणात अडकला होता. मीच सोडवला होता त्याला." हे म्हणाले, "तू नाही, मी." त्यावरून दोघांचे जेवणाच्या वेळेपर्यंत चालले. मी भाकरी दोन जास्त टाकल्या.

आता जाऊबाईंनी त्यांच्या माहेरचा एक फोटो आणून ठेवला आहे. त्यात आईचा चेहरा जवळजवळ उडालेला आहे. आधी ६०० वर घेऊन पाहते, मग काय ते सांगेन असे त्यांना म्हटले आहे.