हत्तीवरून खाली

म्हैसूरच्या परिसरात बेळगोळ नावाची दोन गावे आहेत. नावाचा अर्थ एकच, पांढरे तळे. एक बेळगोळ कृष्णराजसागराच्या वाटेवरचे. त्याचे नाव आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे अधिक घेतले जाते. दुसरे उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, जैन श्रमणांच्या वास्तव्यामुळे श्रवणबेळगोळ म्हणून ख्यात झालेले. पहिल्याच्या आसपास संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणारी चार मराठी मुले एका रविवारी सकाळी दुसऱ्याकडे निघाली होती. त्यांच्याबरोबर त्यांच्यातल्या एकीचे वडील होते. सोलापूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले ते प्राध्यापक गोमटेश्वराच्या दर्शनापेक्षा त्याच्या पायाशी कोरलेल्या एका ओळीच्या दर्शनासाठी आले होते. ही ओळ त्यांनी तीस वेळा शिकवली होती आणि एकदाही पाहिली नव्हती.

गाडीत मात्र चर्चा वेगळीच रंगली होती. १९९९ साली आलेला 'द मॅट्रिक्स', २००३ मधले त्याचे दोन उत्तरभाग आणि २०२१ मधला चौथा भाग, ही त्या मुलांची पोथी होती. दिवसा संगणकाच्या कचेरीत काम करणारा थॉमस अँडरसन रात्री निओ या नावाने वावरतो. सभोवतालचे जग यंत्रांनी माणसांच्या मेंदूत निर्माण केलेला आभास आहे, हे त्याला एके दिवशी कळते, आणि निळी गोळी घेऊन झोपून राहायचे की लाल गोळी घेऊन जागे व्हायचे, एवढा एकच प्रश्न त्याच्यापुढे उरतो. कथा एवढीच, पण तिच्या पोटात काय दडले आहे याविषयी मुलांचे एकमत होत नव्हते. 'निओ' या इंग्रजी नावातली अक्षरे फिरवली की 'वन', म्हणजे 'तो एकमेव', असा शब्द होतो, हे सर्वांना मान्य होते. त्याच्या खोलीचा क्रमांक १०१ आहे, तो ऑर्वेलच्या कादंबरीतल्या यातनागृहाचा. तिसऱ्या भागात तो ज्या भुयारी स्थानकात अडकतो त्याच्या नावातली अक्षरे हलवली की स्वर्ग आणि नरक यांच्यामधल्या अधांतराचे इंग्रजी नाव मिळते. आणि नेमके तिथेच त्याला राम, कमला आणि त्यांची लेक सती असे भारतीय वाटणारे कुटुंब भेटते.

"बघा, हे सगळं आपलंच आहे," पुण्याचा मुलगा म्हणाला. माया, ब्रह्म, जागृती. तिसऱ्या भागाच्या शेवटी तर असत्याकडून सत्याकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना संस्कृतातच गायली जाते. नागपूरच्या मुलाने मान हलवली नाही. पहिल्या भागातला तो चमचा वाकवणारा मुलगा आठव, तो म्हणाला. चमचा वाकत नाही, कारण चमचाच नाही. हे वेदान्ताचे नव्हे, बुद्धाचे बोलणे आहे. प्राध्यापकांच्या लेकीला त्यात प्लेटोची गुहा दिसत होती. चौथी मुलगी कोल्हापूरकडची. ती खिडकीबाहेरचा ऊस पाहत होती.

"चित्रपट बघायचा असतो की खणायचा असतो?" प्राध्यापकांनी विचारले. मुले हसली आणि पुन्हा खणू लागली.

प्राध्यापकांच्या प्रश्नात जी किंचित तुच्छता होती ती वाङ्मयाच्या अभ्यासकांत सर्रास आढळते. लोकप्रिय कृतीच्या चाहत्याला तो सहृदय म्हणत नाही, भाविक म्हणतो. वस्तुतः खणण्याची ही वृत्ती मराठीला अपरिचित नाही. सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्यांचा विस्तार ज्या भाषेच्या आरंभकाळी झाला, ती भाषा अर्थाच्या मागे लागण्याला दोष कसा देईल? नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काही अडगळीतला नव्हे, हे खेड्यातल्या निरक्षर श्रोत्यालाही समजत असे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केल्यावर प्राचीन मराठीचे एक दालन अभ्यासकांना खुले झाले. मराठी विज्ञानकथेच्या उंबरठ्यावरही अशीच एक खूण आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की जयंत विष्णू नारळीकर हाती लागतात.

तथापि येथे एक भेद करायला हवा. जगताप कोण, याचे उत्तर मिळाले की प्रश्न संपतो. ते कूट आहे. कूटाला एकच किल्ली असते आणि कुलूप उघडल्यावर तिचा उपयोग उरत नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले त्याची जात निराळी. घंटेचा टोल थांबल्यावर जो नाद रेंगाळत राहतो तसा तो अर्थ. तो लपवलेला नसतो, ऐकणाऱ्याच्या ठायी उमटतो. खोलीचा क्रमांक आणि स्थानकाचे नाव ही कूटे होत. ती सोडवण्यात बुद्धीचा आनंद आहे आणि तो हिणकस नाही. परंतु पंचवीस वर्षे माणसे एखाद्या कृतीकडे परत परत जातात ती कूटांसाठी नव्हे. आपण जे जगतो आहोत ते आपले नाही, ही शंका ज्याला कधी तरी चाटून गेली आहे, त्याच्या कानात त्या चित्रपटाचा नाद रेंगाळतो. चाहत्यांची गफलत होते ती येथे. नादाचा अनुभव आलेला असतो, पण त्याचा पुरावा म्हणून ते किल्ल्यांचा जुडगा दाखवतात.

विंध्यगिरीच्या पायथ्याशी सर्वांनी पादत्राणे उतरवली. खडकातच कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून जाताना बोलणे आपोआप विरळ झाले. वर सत्तावन्न फुटांचा बाहुबली उभा आहे: दिगंबर, स्थिर, पायांशी वारुळे, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेल्या वेली. गंगांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ही मूर्ती घडवून घेतली. प्राध्यापकांनी नमस्कार केला आणि लगेच नजर खाली वळवली. नागरी अक्षरे तिथे होती. श्रीचावुण्डराजें करवियलें. त्यांनी ती मोठ्याने वाचली. आवाज किंचित कापला.

"काका, यात छुपा अर्थ काय?" पुण्याच्या मुलाने विचारले. तो थट्टा करीत होता. प्राध्यापकांना ते उमगले नाही. ते सांगू लागले. ही ओळ कित्येक पिढ्यांनी मराठीचे पहिले लिखित वाक्य म्हणून पाठ केली. मूर्तीचा काळ ९८३ च्या सुमाराचा, म्हणून ओळही तेव्हाची असे धरले गेले. परंतु तिच्यालगत दुसरी ओळ आहे, गंगराजाने सभोवतालचा प्राकार करवला असे सांगणारी. आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या गेल्या असतील, तर पहिलेपणाचा मान जातो. मग अलिबागजवळच्या अक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा लेख पुढे येतो. पण त्याच्या शकाच्या वाचनावर वाद आहे. मग सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा. तो त्यांनी विद्यार्थ्यांना नेऊन दाखवला होता. शिवाय कोकणीचे अभिमानी बेळगोळची हीच ओळ कोकणीची म्हणून सांगतात, आणि 'करवियलें' या एका क्रियापदावर दोन्हींकडून लेख लिहिले गेले आहेत.

बोलता बोलता ते थांबले. दोन शब्दांच्या ओळीवर पाव तास झाला होता. मुले लक्ष देऊन ऐकत होती. सकाळी गाडीत त्यांनी मुलांचे ऐकले होते त्याहून कितीतरी अधिक आदराने.

"बाबा, बाकीच्या ओळी काय म्हणतात?" लेकीने विचारले.

बाकीच्या ओळी तेच म्हणतात. एक कन्नडात, एक तमिळात: चावुंडरायाने करवले. ही माहिती त्यांच्या टिपणांत तीस वर्षे होती, पण कंसात. भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या, वाक्य एक. दूरदूरच्या यात्रेकरूंना आपापल्या अक्षरांत कळावे म्हणून ज्याने ते तीनदा कोरवले, त्याला कोण पहिला हा प्रश्न पडला असेल असे त्या दगडाकडे पाहून वाटत नाही. शेजारी एक कन्नड कुटुंब आपल्या मुलाला आपली ओळ बोट ठेवून दाखवत होते, तितक्याच अभिमानाने.

अर्थ शोधणे आणि अर्थावर मालकी सांगणे या दोन क्रिया एकमेकींना इतक्या लगटून असतात की पहिली कधी संपली आणि दुसरी कधी सुरू झाली हे शोधणाऱ्यालाही कळत नाही. 'द मॅट्रिक्स'चे भागधेय याची साक्ष देते. चित्रपटाच्या आरंभी निओ आपला चोरटा ऐवज ज्या पोकळ पुस्तकात ठेवतो ते बॉद्रियारचे आहे; आणि खुद्द बॉद्रियारने २००३ मध्ये सांगितले की, चित्रपटकर्त्यांना त्याचा विचार समजलेला नाही. 'लाल गोळी' हा शब्द पुढे स्त्रीद्वेष्ट्या गटांनी उचलला. जागे होणे म्हणजे स्त्रियांनी आपल्याला फसवले असे मानणे, असा त्याचा अर्थ त्यांनी रूढ केला. आणि ज्यांनी ही गोळी कल्पिली ती दोन भावंडे? चित्रपट आला तेव्हा जग त्यांना वाचौस्की बंधू म्हणून ओळखत होते. लाना यांनी २०१२ मध्ये आणि लिली यांनी २०१६ मध्ये आपण स्त्री असल्याचे उघड सांगितले. देहाला आणि नावाला जखडलेली ओळख झुगारून खऱ्या स्वत्वाकडे जाण्याची ही कथा मुळातच पारलिंगी अनुभवाची होती, जग तेव्हा ते ऐकायला तयार नव्हते, अशा आशयाचे लिली २०२० मध्ये बोलल्या. कित्येक चाहत्यांना हा नाद त्याआधीच ऐकू आला होता. त्यांच्याकडे किल्ली नव्हती. ती वेदना तेवढी ओळखीची होती.

पायऱ्या उतरताना प्राध्यापकांना बाहुबलीची कथा आठवत होती. भरताला द्वंद्वात जिंकून, जिंकलेले राज्य टाकून बाहुबली ध्यानाला उभा राहिला. वर्ष लोटले, अंगावर वेली चढल्या, तरी ज्ञान होईना. बेळगोळच्या दिगंबर परंपरेत त्याच्या मनात आपल्यामुळे भरताला क्लेश झाल्याचे शल्य उरलेले असते, आणि भरताने येऊन वंदन केल्यावर ते निघते. श्वेतांबर कथेत मात्र त्याच्या बहिणी येतात, ब्राह्मी आणि सुंदरी. ब्राह्मी म्हणजे जिच्या नावाने लिपी ओळखली जाते ती. त्या म्हणतात, "दादा, हत्तीवरून खाली उतर." बाहुबली चक्रावतो. तो तर जमिनीवर उभा आहे. हत्ती केव्हाच सोडला. पण बहिणी खोटे बोलणार नाहीत. मग त्याला उमगते. आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, म्हणून तो पित्याकडे गेलेला नाही. तो अजून अहंकाराच्या हत्तीवर आहे. धाकट्यांपुढे वाकण्यासाठी तो पाऊल उचलतो आणि त्याच क्षणी त्याला केवलज्ञान होते.

या कथेत गूढार्थाची सगळी मीमांसा आहे. बहिणींचे वाक्य साधे होते. त्याचा अर्थ त्या वाक्यात दडलेला नव्हता, ऐकणाऱ्याच्या पायाखाली होता. जो अर्थ सापडल्यावर वाचक हत्तीवर चढतो, 'हे सारे आमच्याच पूर्वजांना ठाऊक होते' असे म्हणत चढतो, तो बहुधा कृतीचा नसतो. जो सापडल्यावर त्याला खाली उतरावे लागते त्याच्याविषयी थोडी आशा बाळगायला हरकत नाही.

परतीच्या गाडीत उपनिषद आणि बुद्ध पुन्हा भिडले. या वेळी प्राध्यापकांनी खिडकीशी बसलेल्या कोल्हापूरच्या मुलीला विचारले, "तुला काय वाटतं गं?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काका, तो पाठलाग करणारा माणूस त्याला सारखा मिस्टर अँडरसन म्हणत राहतो. आणि शेवटी तो सांगतो, माझं नाव निओ. मला बाकीचं फारसं आठवत नाही. तेवढंच आठवतं."

गाडीतले कोणीच काही बोलले नाही. नागपूरच्या मुलाने गाण्याचा आवाज कमी केला. दोन्ही बाजूंना भाताची शेते होती आणि त्यांत पाणी चमकत होते.

रात्री जेवण झाल्यावर प्राध्यापक लेकीला म्हणाले, "तो तुमचा चित्रपट मला एकदा दाखव. आणि हे बघ, आधी काही सांगू नकोस."