सरोजिनी नगर ते करोल बाग: एका बँडचा माग

दिल्लीला जाऊन सरोजिनी नगरच्या बाजारात गेला नाहीत, तर घरातली तरुण मंडळी तुम्हाला माफ करणार नाहीत. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेले, पण उरलेले किंवा किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेले कपडे इथे ढिगांनी मिळतात. सोमवारी बाजार बंद असतो. इतर दिवशी सकाळीच जा, शिवण उजेडात धरून तपासा आणि घासाघीस करायला लाजू नका.

ढिगात काळे टी-शर्ट हमखास दिसतील, परदेशी रॉक बँडची नावं छापलेले. नाव छातीवर मिरवणं सोपं असतं, पण बँड वर्षानुवर्षं टिकवणं अवघड. स्कॉटलंडच्या डनफर्मलिनमधला 'नाझरेथ' हा बँड १९६८ पासूनचा. १९९९ मध्ये त्यांचा ड्रमवादक गेला, २०१३ मध्ये आजारपणामुळे गायक डॅन मॅकॅफर्टी थांबले. मूळ चौघांपैकी तिघं आज हयात नाहीत, तरी बँड चालू राहिला.

या ढिगात बहुधा सापडणार नाही असं एक नाव मात्र याच शहरातलं आहे: 'इंडियन ओशन'. १९९० मध्ये गिटारवादक सुस्मित सेन आणि तबल्यावर बसून गाणारे असीम चक्रवर्ती यांनी तो सुरू केला. पुढे बास गिटार घेऊन राहुल राम आले, मग ड्रमवर अमित किलम. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. म्हणूनच २०००च्या 'कंदिसा' या अल्बममध्ये नर्मदेचं 'मा रेवा' आहे. आपल्या नंदुरबारची सीमा शिवून जाणारी तीच रेवा! त्याच अल्बमचं शीर्षकगीत मात्र केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर बेतलेलं.

बाजारातून निघण्यापूर्वी क्षणभर थांबा. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, इथे बॉम्बस्फोट झाला. त्या संध्याकाळी दिल्लीत तीन ठिकाणी झालेल्या स्फोटांत साठहून अधिक माणसं गेली. मुंबईच्या १९९३च्या स्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटाला संगीत याच बँडचं. त्यातलं 'बंदे' हे गाणं या गल्लीत उभं राहून आठवलं, तर मुंबई आणि दिल्लीचं दुःख वेगळं वाटत नाही.

आता सरोजिनी नगर स्थानकात गुलाबी मार्गिकेची मेट्रो पकडा, राजौरी गार्डनला उतरून निळ्या मार्गिकेने करोल बागेला या. इथल्या खजूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात हा बँड वर्षानुवर्षं सराव करत असे. कुणाचं दार वाजवायला नाही, फक्त रस्त्याने चालायला जा. बंगल्याचा पत्ताच २०१०च्या अल्बमचं नाव झाला: '१६/३३० खजूर रोड'. त्यातली गाणी त्यांनी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली.

पण तो अल्बम लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा असीम नव्हते. २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले. त्यांची जागा भरायला दोन माणसं लागली: तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी. दोघांनाही असीमसारखं व्हायला सांगितलं असतं, तर बँड तिथेच संपला असता. पुढे २०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडले आणि गिटार निखिल राव यांच्याकडे आली. सुरू करणारे दोघंही नाहीत, पण गाणं चालू आहे. एकत्र कुटुंबात कर्त्या माणसामागे घर उभं राहतं, ते याच रीतीने. गेलेल्याची खुर्ची तशीच मांडून ठेवून नव्हे, तर नव्याला त्याच्या पद्धतीने बसू देऊन.

परतीच्या मेट्रोत घरातल्या सगळ्यांना मोबाइलवर दोन गाणी ऐकवा. आधी 'कंदिसा', मग २०१५च्या 'मसान'मधलं 'तू किसी रेल सी'. दुसऱ्यातला आवाज आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांचा, संगीत याच बँडचं. मधली पंधरा वर्षं कुठे ऐकू येतात, ते आजीला आणि नातवाला वेगवेगळं विचारा. पिशवीतल्या टी-शर्टपेक्षा ती उत्तरं जास्त दिवस लक्षात राहतील.